बांध वाकडा कुणी केला

१९ ऑगस्ट, मंगळवार. तासदरा, ता. पारनेर

सूप बसलं एकदाचं. खरं नाव रिफ्लेक्टर, पण टेम्पोतून उतरवेपर्यंत वस्तीवरच्या बायांनी त्याचं बारसं उरकलं. तीन त्रिकोणी पत्रे एका कोपऱ्यात जोडलेले, तोंड उगवतीकडं वर आभाळात. सूपच दिसतं, खोटं कशाला बोला.

उपग्रह सातशे किलोमीटरवरून जाता जाता खाली रडारच्या लहरी सोडतो. त्या सुपाच्या कोपऱ्यात शिरतात आणि आल्या वाटेनं परत जातात. बाकी इथं सगळीकडं वाटाणा. पानं हलतात, वाढतात, पिकावरून लहरी नीट परत येत नाहीत. म्हणून हे सूप. दर बारा दिवसांनी उपग्रह येणार, सुपापर्यंतचं अंतर मोजणार, आधीच्या अंतरातून वजा करणार. जमीन नखभर सरकली तरी कळणार.

गेल्या वर्षापासून ह्या उतारावर जमिनीतून गुरगुर येते, मांडणीवरची भांडी वाजतात. पुण्याच्या आमच्या चांदोरकर सरांना वाटतं, की इथं खडकात एक जुनी चीर आहे आणि ती जागी झालीय. तसं असेल तर चिरेच्या खालच्या बाजूचं घर हलवावं लागणार. खाली घर एकच आहे. बनुमावशींचं. मी उतरलेय तेच.

मावशी एकट्या असतात. साठीच्या आसपास, कडक. उंबऱ्यातच मला अडवलं.

"तुज्या मशिनीनं माजं घर जानार का ऱ्हानार, तेवढंच सांग."

"अजून काही मोजलंच नाही मावशी."

"मंग मोजशील तवा नीट मोज."

सूप बांधावरच बसवायचं हा हट्ट त्यांचाच. मावशींचं शेत आणि त्यांच्या धाकट्या दिराचं, रामहरी काकांचं शेत, मधला हा बांध. काकांनी हरकत घेतली नाही, फक्त म्हणाले, "बसवा. पन बांधावर शिमिट न्हाई वतायचं. उद्या त्येच हद्द म्हनून दाखवतील लोकं."

"लोकं म्हंजे मी," मावशी माझ्या कानात म्हणाल्या, काकांना ऐकू जाईल अशा बेतानं.

तर सिमेंट नाही. सुपाच्या पायांच्या पट्ट्यांतून ठोकलेले चार लोखंडी पेग, म्हणजे खुंट्याच, आणि दगड भरलेली पोती. सर फोनवर कुरकुरले, पण हो म्हणाले.

संध्याकाळी मावशींनी मला बांधावर उभं करून दाखवलं. वरच्या टोकाला हद्दीचा मोठा खडक. खाली ओढ्यापल्याड बाभूळ. "आमचे मालक हुते तवा खडकापासून बाभळीपत्तोर बांध दोरीवानी सरळ हुता. आता बघ. मधीच वाकून माज्यात घुसलाय. हातभर. दर नांगरटीला कोरतो मेला. न्हाई तर काय जमीन आपल्या पायानं चालत आली व्हय?"

बघितलं. खरंच वाकलाय.

पहिल्याच दिवशी संशयित मिळाला. पुण्यात महिनाभर शोधून एक खोली मिळाली नव्हती.

२१ ऑगस्ट

पहिली फेरी. उपग्रह सकाळी सव्वासहाच्या सुमारास जातो. दिसत नाही, ऐकू येत नाही. तरी मी उठून बांधावर गेले, तर मावशी आधीच हजर. ठेवणीतलं लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. सुपाशेजारी उभ्या राहून आभाळाला बोटानं बांध दाखवत होत्या.

"मावशी, माणसं नाही दिसत त्याला."

"न्हाई दिसंना. आपुन हजर असावं."

पलीकडून रामहरी काका गायीची धार काढून चालले होते. थांबले. "पोरी, माणूस दिसत न्हाई म्हनतीस, मंग वहिनी कुनाला दाखवतीय?"

"तुज्या बापाला," मावशी.

काका हसले. मग मला विचारलं, "परत कवा येनार ते?" मी तारीख सांगून टाकली. नंतर वाटलं, ह्याला तारीख कशाला हवी?

मावशींनीही पुढच्या सगळ्या तारखा विचारून घेतल्या. दुधाच्या खाड्यांच्या कॅलेंडरवर प्रत्येक तारखेला कुंकवाचा ठिपका लावला. किती गोड. हा प्रयोग माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त आपला वाटतो.

५ सप्टेंबर

दुसरी फेरी दोन तारखेला झाली. आज सरांचा फोन.

"एंजल, तुझं रिफ्लेक्टर नाचतंय."

"म्हणजे सर?"

"म्हणजे आकडा येतोय तो खडकाचा नाही. खडक बारा दिवसांत असा उड्या मारत नाही. एक तर तू ते नीट बसवलं नाहीस, नाही तर कुणीतरी हात लावतंय."

पहिली शक्यता त्यांनी जरा जास्तच सावकाश उच्चारली. सरांचं मला कळतं. पुढच्या महिन्यात एखादा मुलगा पाठवतील आणि म्हणतील, तू आता ऑफिसात आकडे बघ, ऊन लागतं तुला.

लगेच बांधावर गेले. एका पेगच्या बुडाशी माती ताजी. उकरून परत दाबलेली. आणि चार पावलांवर काकांच्या ट्रॅक्टरच्या चाकाची नक्षी.

घरी आले तर मावशींचे हात कोपरापर्यंत चिखलात. मागची भिंत सारवत होत्या. शेणमातीचा वास घरभर. बाई फार टापटिपीची. चार दिवस झाले की ती भिंत सारवतातच. आमच्या नगरच्या घरात मम्मी सहा महिने कोळीष्टकं काढत नाही.

हुलग्याचे शेंगोळे होते जेवायला. लसूण सढळ. मी मावशींना पेगचं सांगितलं. त्या ताटात बघत म्हणाल्या, "त्यानंच हलवलं आसंल. दुसरं कोन हाय हितं?"

खरंच की. दुसरं कोण आहे इथं?

७ सप्टेंबर

त्याला काय फायदा? विचार केला. सूप सरकलेलं दिसलं तर जमीन सरकतेय असं ठरणार, मावशी घर सोडून गावठाणात जाणार, आणि दोन्ही शेतं कुणी करायची? उत्तर ट्रॅक्टरवर बसून फिरतंय.

१४ सप्टेंबर, रविवार

काल चारही पेगवर आणि त्यांच्या पट्टीवर मिळून नेलपॉलिशची एकेक रेघ मारली. पेग जरा जरी फिरला तर रेघ तुटणार. हसायचं तर हसा. मरून रंग, बऱ्यापैकी महाग.

आज फेरीचा दिवस. मी पोचेपर्यंत दोन रेघा तुटलेल्या. आणि बांधापासून जरा वर, काकांच्या बाजूला, काका उकिडवे बसलेले. डोक्यावर पोतं. नुसतेच बसलेले.

"काका, इथं काय करताय?"

"माज्या शेतात मी काय करतोय ते तुला सांगायचं?"

"सुपाला हात लावलात?"

काकांनी तंबाखू मळली. "तू नगरची. शिकल्याली. एवढं समदं आभाळातनं बघतीस, मंग ऱ्हातीस कुटं ते बी एकदा बघ."

ही धमकी आहे. मावशींच्या घरी राहते म्हणून मला धमकी. घरी येऊन मावशींना सांगितलं तर त्यांच्या हातातली सुतळीची गुंडी खाली पडली. घाबरल्या बिचाऱ्या. म्हटलं, मी आहे ना.

मम्मीचा फोन. "प्रार्थना करतेस का?" म्हटलं, करते. "कुणासाठी?" म्हटलं, एक माणूस पकडला जावा म्हणून. मम्मी म्हणाली, "एंजल, असल्या प्रार्थना चर्चमध्ये शिकवल्या नाहीत तुला."

१९ सप्टेंबर

संध्याकाळी मावशी भाकरी थापत होत्या तेव्हा धक्का बसला. आधी गुरगुर, ट्रक घाट चढतो तशी. मग पत्रे खडखडले, तांब्या चुलीजवळून घरंगळत दारात. दोनतीन सेकंदच. मी बाहेर पळाले, अनवाणी. वर काका, त्यांची बायको मनकर्णाकाकू, सगळे अंगणात.

मावशी नाही आल्या. ओरडले तेव्हा आतूनच म्हणाल्या, "आले, आले." पाच मिनिटांनी मी आत गेले तर बाई मागच्या भिंतीशी, टोपल्यात शेणमाती कालवलेली, सारवतायत. लोक घाबरले की देव आठवतात. ह्यांना शेण आठवतं.

"मावशी, आत्ता?"

"पाहुनी हाय घरात. भितीवरची माती झडली. बरं दिसतं का?"

सरांना कळवलं. धक्का लहानच, पण केंद्र जवळ होतं म्हणे. त्यांनी सांगितलं, की गेल्या आठ वर्षांचे जुने फोटो उपग्रहाच्या साठ्यात आहेत, ते सगळे काढून वस्तीवरच्या पत्र्यांच्या छपरांचा हिशेब लावायला घेतलाय. पत्रासुद्धा सुपासारखा चमकतो रडारला. "तुझ्या रिफ्लेक्टरच्या भरवशावर बसलो असतो तर झालंच," हेही सांगितलं.

२७ सप्टेंबर, शनिवार

बोलले. सगळ्यांसमोर.

कालच्या फेरीतही रेघा तुटल्या होत्या. आज तलाठी पावसानं सडलेल्या वाटाण्याचे पंचनामे करायला आले. काकांच्या अंगणात लिंबाखाली खाट टाकलेली, वस्तीवरचे दहाबारा जण. मी विचारलं, "भाऊसाहेब, सरकारी प्रयोगाच्या वस्तूला कुणी मुद्दाम हात लावला तर काय होतं?"

"केस होते. का हो मॅडम?"

मी काकांकडं बघितलं. नुसतं बघितलं. मग बोललेही. तारखा, रेघा, सकाळी उकिडवं बसणं, सगळं.

मनकर्णाकाकूंनी कपाळावर हात मारून घेतला. "आठ वर्सं बांधचोर म्हनून घेतलं, आता मशीनचोर! ह्या पोरीला माज्या घरनं दूध जातंय रोज, दूध!"

काका बोलतील, ओरडतील, अंगावर येतील असं वाटलं होतं. त्यांनी वर बघितलं, तेही माझ्याकडं नाही. माझ्या मागं मावशी उभ्या होत्या, त्यांच्याकडं. मग टोपी झटकली आणि गोठ्यात निघून गेले.

तलाठी म्हणाले, समज देऊ.

मावशी एक शब्द बोलल्या नाहीत. मोठ्या मनाची बाई. आपली बाजू खरी ठरली तरी तोंड उघडत नाही.

२८ सप्टेंबर

दूध आलं नाही. मागणार तरी कोणत्या तोंडानं?

६ ऑक्टोबर

कडक ऊन पडतंय चार दिवस. मोबाईलला चार्जर लावायला मागच्या भिंतीशी वाकले आणि खांदा लागला. सारवणाचा हातभर पापुद्रा खाली.

आत अजून एक पापुद्रा. मग अजून एक. त्यांच्यामागं भेग. चिंध्या कोंबलेल्या, जुन्या लुगड्याचे काठ, प्लास्टिकची पिशवी, मूठभर तूस, पुन्हा चिंध्या. एक चिंधी ओढली तर हात मनगटापर्यंत आत गेला आणि बोटांना बाहेरचा वारा लागला.

ही भेग परवाच्या धक्क्याची नाही. ही जुनी आहे. कुणीतरी तिला वर्षानुवर्षं भरवलंय.

मी चिंधी परत कोंबली. पापुद्रा पाण्यानं ओला करून चिकटवायचा प्रयत्न केला. का, ते मला माहीत नाही. मावशी शेळी घेऊन परत आल्या तेव्हा मी अंगणात वाटाण्याच्या शेंगा सोलत बसले होते, आयुष्यात पहिल्यांदा.

८ ऑक्टोबर

कॅलेंडरवर ठिपका. मी मावशींच्या आधी उठले नाही. त्या उठून गेल्यावर उठले.

फटफटत होतं. हद्दीच्या खडकाला सुतळी बांधलेली, बांधावरून ताणत ताणत थेट ओढ्याकडं नेलेली. मावशी सुपापाशी गुडघ्यांवर. पोती बाजूला काढलेली. दोन्ही हातांनी पाय धरून सूप वर ओढत होत्या, सुतळीशी बोटं लावून मापत होत्या, पुन्हा ओढत होत्या.

वर, आपल्या बाजूला, काका उकिडवे. पोतं पांघरून. बघत.

"मावशी."

दचकल्या नाहीत. "थांब. टाइम झालाय त्याचा."

"काय करताय हे?"

"नीट लावते. तुमी बसवलं त्या सांजंला सुतळी लावून मी मापून ठेवलं हुतं, सुतळीपासून किती बोटं. दर बारीला खाली सरकल्यालं आसतं. कवा अर्दं बोट, कवा बोट. हिसडा बसला तवा दोन. मी जितल्या तितं आनून ठेवते."

"अहो, ते सरकतंय का हेच तर मोजायचंय!"

"मला कळतंय काय मोजायचंय." पेग दगडानं ठोकत होत्या. "सरकलं तर घर जानार, तूच म्हनलीस. मंग सरकू कशी देऊ?"

मला हसूही येत होतं आणि ओरडावंसंही वाटत होतं. "पण तुम्ही तर म्हणालात, काकांनी हलवलं."

"मी म्हनले, त्यानंच हलवलं आसंल. बघितलं म्हनले का?"

"आणि काका दर वेळी बघत होते तुम्हाला?"

"बसायचा घुबडासारखा. त्याला दुसरा धंदा काय."

सगळ्यांसमोर मी काकांना चोर म्हटलं तेव्हा हे त्यांना माहीत होतं. तरी गप्प बसले. घरी आल्यापासून हाच विचार. माणूस गप्प बसतो तेव्हा त्याचं काहीतरी गणित असतं. त्यांचं काय आहे?

१४ ऑक्टोबर

सरांचा निकाल आला. सुपाचा नाही, सुपाचं तर वाटोळंच झालंय. छपरांचा.

आठ वर्षं. प्रत्येक छपराचा एक ठिपका, जागेवर असेल तर हिरवा, सरकत असेल तसा लाल. काकांचं घर हिरवं. त्यांचा गोठा हिरवा. वरची बाकीची वस्ती हिरवी. बनुमावशींचं छप्पर, त्यांच्या शेळीचं खोपटं, दोन्ही लालभडक. दर पावसाळ्यात ओढ्याकडं, धक्का बसला की थोडं जास्त. आठ वर्षांत सगळं मिळून एक वीत.

हिरवा आणि लाल जिथं भेटतात ती रेघ मी मोबाईलच्या नकाशावर धरून चालत गेले. बांध वाकतो तिथंच येऊन उभी राहिले.

वरचा अर्धा बांध जागेवर आहे. खालचा अर्धा जमिनीबरोबर गेलाय, मावशींचं घर, शेळी, वाटाणा, सूप, सगळं घेऊन. कोरला कुणीच नाही.

की कोरलाय? मावशी म्हणतात हातभर. आज मी सुतळी लावून टेपनं मोजलं, हातभरच आहे. दोन विती. छपरांचा हिशेब सांगतो एक. सरांना विचारलं. म्हणाले, "उपग्रह त्याच्या नजरेच्या रेषेत येतं तेवढंच मोजतो. जमीन आडवी जास्त सरकली असेल. दीडपट, दुप्पट, ते ह्या आकड्यांवरून सांगता येत नाही. आणि बांधाचं तुला काय करायचंय? घर रिकामं करा म्हणून कळवतोय मी तहसीलला."

बांधाचं मला काय करायचंय. बरोबर आहे.

१६ ऑक्टोबर

दोघांना बांधावर बोलावलं. मोबाईलवर ठिपके दाखवले. आधी काकांना सगळ्यांदेखत बोलले होते त्याबद्दल माफी मागितली. ते "बरं" म्हणाले. "बरं" म्हणजे केलं माफ, की बघून घेतो?

मग मावशींना सांगितलं. बांध कुणी कोरला नाही. जमीनच सरकतेय. काका चोर नाहीत.

मावशी ठिपक्यांकडं बघत राहिल्या. "आठ वर्सं?"

"हो."

"मालक गेले तवापासून."

"त्याचा ह्याच्याशी काही संबंध नाही मावशी."

"तुजा नसंल." मोबाईल माझ्या हातात परत दिला. "तुजं मशीन खोटं हाय."

"मशीन कशाला खोटं बोलेल?"

"मंग माणूस का बोलंल?" आणि एकदम आवाज चढला. "आगं, दीर चोर आसला तर त्याला शिव्या तरी घालता येत्यात. कवा तरी कोर्टात वढता येतं. जिमिनीला काय घालू? हिलाच धरून बसलेय मी हितं एकली. आन ही म्हंजे मलाच घिऊन वड्यात चाललीय?"

काका खाली बघून ढेकूळ पायानं फोडत होते. म्हणाले, "वहिनी, वर या ऱ्हायला. गोठ्याच्या अंगाला जागा हाय. पत्रा म्या घालतो."

"आलास का मूळ बोलन्यावर? मला उठवायचं आन समदं तूच कसायचं!"

झालं. आठ वर्षांचे उपग्रहाचे फोटो आणि मी, दोन्ही जागच्या जागी उभे.

खरं सांगायचं तर माझ्याही मनात येऊन गेलं. एवढा चांगुलपणा कुठून आला एकदम?

२० ऑक्टोबर, सोमवार. दिवाळी

नगरला जायचं नव्हतंच, आमची दिवाळी नसते. पण मावशींना एकटं सोडवेना. तहसीलची नोटीस दाराला चिकटवलेली. त्यांनी तिच्यावर रांगोळीच्या हाताचे पाच ठसे उमटवलेत.

मागच्या भिंतीचा कोपरा सुटलाय. आता सारवून भागत नाही. फटीतून ओढा दिसतो. मावशींनी तिथं कॅलेंडर टांगलं, ठिपक्यांसकट. वाऱ्यानं पानं आत उडतात.

"पडली तर?" मी म्हटलं.

"पडू दे. माज्या अंगावर पडंल. तू पुढच्या खोलीत निज."

मी निजते पुढच्या खोलीत. झोप लागत नाही.

२५ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी जमीन पुन्हा गुरगुरली. धक्का काही जाणवला नाही, पण मागच्या कोपऱ्याचे चार दगड आपणहून निघाले आणि मावशींच्या अंथरुणावर आले. त्या तेव्हा शेळीकडं होत्या.

अर्ध्या तासात काका ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून ओढ्याच्या वाटेनं आले. मनकर्णाकाकू ट्रॉलीत, तोंड फुगवून. वस्तीवरची आणखी पाचसात माणसं चालत. काका खाली उतरले. "चला वहिनी. पुरं झालं."

मावशी उंबऱ्यावर बसल्या. चौकटीच्या दोन्ही बाजूंना हात लावून.

"चोराच्या जागंत न्हाई येनार."

"बाई, ह्या पोरीच्या मशीननं सांगितलंय ना आता, चोर न्हाईत म्हनून!" मनकर्णाकाकू.

"मशीनचं मला नगं. त्याच्या तोंडानं पायजे. समद्यांम्होरं." मावशी काकांकडं बघत होत्या. आवाज पहिल्यासारखा नव्हता, दमलेला होता. "हातभर न्हाई म्हन. मी बी हातभर म्हनत न्हाई आता. पन एक वीत. एक वीत तरी कोरलास का न्हाई, रामहरी? तेवढं कबूल कर. मंग येते."

"काय म्हून कबूल करायचं?" काकू ट्रॉलीतून उतरल्याच. "आवो, येक शबूद बोलू नका. सांगून ठिवते. उद्या समदं गाव म्हनंल, बघा, खरंच हुता चोर. आपल्या पोराला पोरगी दील का कोनी?"

ट्रॅक्टर नुसताच धडधडत होता. काकांनी टोपी काढली. भिंतीच्या सुटलेल्या कोपऱ्याकडं बघितलं. मावशींकडं बघितलं. मग माझ्याकडं, पहिल्यांदाच सरळ.

"कोरली," म्हणाले.

"किती?"

"येक वीत. दादा गेल्यावर पयली नांगरट केली, तवा."

काकूंनी तोंडात पदर कोंबला.

मावशींनी दोन्ही हात चौकटीवरून काढले. "बघा," म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या काय माहीत. "मी काय येडी न्हाई." उठल्या, आत गेल्या, पाण्याचा हंडा घेऊन आल्या आणि काकांच्या हातात दिला. "धर. बुडाला धर, चेपल्याला हाय. आन मोजून ठिवलेत मी भांडी."

दुपारपर्यंत घर ट्रॉलीत आलं. पत्रे सोडवले. शेळी वर चढायला तयार नव्हती, तिला काकूंनीच रागारागानं उचलून टाकलं.

काका चाकाखालचा दगड काढत होते तेव्हा मी जवळ गेले. "काका, खरंच कोरली होती?"

"तुजं मशीन काय म्हनतं?"

"त्याला एका वितीचा पत्ता लागत नाही. कोरली असेल, नसेलही."

"मंग झालं तर." दगड ओढ्यात फेकला, हात झटकले. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. मी खूप निरखून बघितलं, तरी नाही.

जवळचा रस्ता बांधावरून होता. ट्रॅक्टरचं तोंड तिकडं वळताच सामानावर बसलेल्या मावशी ओरडल्या, "ये! बांधावर चाक नगं! मोडंल!"

काकांनी ब्रेक मारला. मान हलवली आणि ट्रॅक्टर मागं घेऊन, ओढ्याच्या कडेकडेनं, सगळा उतार वळसा घालून ट्रॉली वर नेली. मी मागून चालत होते, सूप पाठीला बांधून.

मध्येच सरांचा फोन आला. घर रिकामं झालं का? झालं. बरं, रिपोर्टात त्या वाकलेल्या बांधाचा उल्लेख करू या, जमीन सरकल्याचा पुरावा म्हणून चांगला आहे. किती सरकलाय म्हणून लिहू?

म्हटलं, सर, वाकडा आहे एवढंच लिहा.